स्लॅबच्या घरात साणं कुठं गेलं?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

हिवाळा लागला की तुमच्या पेपरात दिल्लीच्या हवेच्या बातम्या रोज येतात, आकडे असतात, शाळा बंद झाल्या का चालू झाल्या तेही असतं, मी सगळं वाचतो. आमच्या औसा तालुक्यात तसलं काही नाही, बाहेर शिवारात हवा मोकळी आहे. पण आमच्या बाया आणि लहान लेकरं शिवारापेक्षा जास्त वेळ चार भिंतीत असतात आणि त्या चार भिंतीतली हवा कशी आहे याची बातमी मी आजपर्यंत कुठं वाचली नाही. मी पेशानं गवंडी आहे, १९९४ पासून घरं बांधतोय, आणि आज जे लिहायलोय ते माझ्याच हातानं बांधलेल्या घरांबद्दल लिहायलोय. पत्र मोठं झालं तर सांभाळून घ्या.

मागच्या वर्षी मायला दम लागायला लागला म्हणून लातूरला दाखवलं. आम्ही सगळे दमा दमाच म्हणत होतो. डॉक्टरांनी तिला नळी तोंडात देऊन जोरात फुंकायला लावलं, तीनदा, तिसऱ्या वेळी तर तिच्या डोळ्यात पाणीच आलं, आणि मग त्यांनी विचारलं की आजी बिडी ओढायच्या का. आमच्या मायनं आयुष्यात कधी मिश्रीसुद्धा लावली नाही. मग त्यांनी विचारलं स्वयंपाक कशावर, आणि धूर कुठून जातो. पहिल्याचं उत्तर मायनं दिलं, चुलीवर, तुराट्या, पऱ्हाट्या नाहीतर गोवऱ्या. दुसऱ्याचं उत्तर मी द्यायचं होतं कारण घर मी बांधलंय, आणि मला देता आलं नाही. आजाराचं नाव सीओपीडी. वर्षानुवर्षं धूर जाऊन फुप्फुसातल्या नळ्या आवळत जातात आणि त्या परत पहिल्यासारख्या मोकळ्या होत नाहीत. पंपानं आराम पडतो, पण पुढचं नुकसान टाळायचं तर आधी धूर थांबवा असं त्यांनी सांगितलं.

घरी आलो आणि पहिल्यांदा आपल्याच स्वयंपाकघराच्या भिंतीकडं नीट बघितलं. खिडकीच्या वरच्या कडेपर्यंत, म्हणजे जमिनीपासून सात फुटापर्यंत चुना बऱ्यापैकी पांढरा. तिथून वर स्लॅबपर्यंत तीन फुटाचा पट्टा काळाकुट्ट, अगदी सुतळी धरून रेघ मारावी तसा. बोट फिरवलं तर चिकट. कोपऱ्यातली जळमटं दोरीएवढी जाड होऊन लोंबायलेली. लिंटल, म्हणजे दार-खिडकीवरचा पट्टा, सात फुटाला घ्यायचं, स्लॅब दहा फुटाला टाकायचा, हे माप मी किती घरात मारलं असेल त्याची गिनती नाही. धूर गरम असतो, तो सरळ वर जाणार, वर त्याला वाट नाही, मग तिथंच साचणार आणि थंड झाला की हळूहळू खाली, चुलीपुढं बसलेल्या बाईच्या तोंडावर उतरणार. खिडकी आहे, पण ती धुराच्या खाली आहे. ही एवढी साधी गोष्ट मला भिंतीवरच्या काजळीनं शिकवली आणि तोवर मायचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आमचं जुनं घर माळवदाचं होतं. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर लाकडाचे खण आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. चुलीच्या बरोबर वर माळवदाला हातभर भोक असायचं, त्याला साणं म्हणायचे, काही गावात सवणं म्हणतात. सकाळी त्यातून कवडसा खाली यायचा आणि त्या उजेडात धूर निळा दिसायचा, वर चढताना. पाऊस आला की आम्हा पोरांचं काम ठरलेलं, माळवदावर पळत जायचं, साण्यावर पत्रा टाकायचा आणि पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवायचा. जुन्या घरात धूर नव्हता असं मी म्हणत नाही, डोळे तेव्हाही चुरचुरायचे, आजी तेव्हाही खोकायची. पण धुराला वरून जायला एक वाट होती आणि ती ज्यानं कुणी ठेवली त्याला धूर वर जातो हे माहीत होतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि तेच दगड, तीच माती अंगावर पडून हजारो माणसं गेली. त्यानंतर आमच्याकडं माळवदाची जी भीती बसली ती खरी होती, आजही रात्री भांडं पडलं तर म्हातारी माणसं दचकून उठतात. ५२ गावं नव्या जागेवर बसली, मी त्या कामावर बिगारी म्हणून लागलो आणि तिथंच थापी धरायला शिकलो. घर पडू नये, सळई किती, पट्टा कुठं घ्यायचा, सगळ्यांचं ध्यान तिकडं होतं आणि तसंच पाहिजे होतं. पण नंतर आमच्या भागात ज्यानं त्यानं जी स्लॅबची, पत्र्याची घरं बांधली त्यात माळवदासोबत साणंही गेलं. मी बांधलेल्या घरात मलाही त्याची आठवण झाली नाही.

आता गॅस आलाय की, मग धूर कुठला, असं कुणी म्हणेल. आला, आणि लई चांगलं झालं, १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली तिच्यामुळं आमच्या गल्लीत ज्यांनी कधी शेगडी बघितली नव्हती त्यांच्या घरात सिलेंडर आला. पण सिलेंडर पुरवून वापरतात बाया. चहा, भाजी, पाहुणा आला तर पोहे गॅसवर, आणि अंघोळीचं पाणी, डाळ शिजवणं, जनावराचं आंबोण आणि भाकरी चुलीवरच. भाकरी चुलीवरचीच गोड लागते हेही खरं, मी स्वतः तशीच मागायचो. आणि नुसत्या गॅसवर सगळं होतं त्या घरातली हवासुद्धा साफ असते असं नाही. गॅसच्या निळ्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, तो दिसत नाही पण छातीला लागतो, तेल तापलं की त्याचा धूर वेगळा, आणि उन्हाळ्यात येसर, काळं तिखट भाजायला घेतलं की अख्खं घर खोकत अंगणात येतं हे तर कुणाला सांगायलाच नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं २०२० साली घरातल्या चुलीच्या आणि रॉकेलच्या धुरानं जगात ३२ लाख माणसं गेली, त्यात पाच वर्षांच्या आतली २ लाख ३७ हजारांहून जास्त लेकरं होती. यातला सगळ्यात वाईट भाग म्हणजे पीएम २.५ म्हणतात ते कण. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर हा कण त्याच्या तिसाव्या भागाएवढा किंवा त्याहून बारीक. नाकात अडकत नाही, घशात अडकत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाला जातो. आपल्या देशात एका घनमीटर हवेत या कणांची दिवसाची सरासरी ६० मायक्रोग्रॅमच्या आत पाहिजे असं ठरवलंय, जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून १५ म्हणते, आणि दोन्ही जरी बाजूला ठेवले तरी ज्या भिंतीला दोरीएवढी काजळी धरते तिथं मोजायला यंत्र लागत नाही.

बाळंतिणीच्या खोलीचं सांगतो, कारण हे लिहिल्याशिवाय मला पत्र पाठववणार नाही. मागच्या जानेवारीत माझी लेक बाळंतपणाला आली. आमच्याकडं रीत असते, बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, त्यावर ओवा, बाळाला धुरी, आणि वारं लागू नये म्हणून दाराला गोधडी आणि खिडकीच्या फटीत कापड. मायेपोटीच करतात सगळे, माझ्या मायनं केलं, तिच्या मायनं केलं. पाचव्या दिवशी लेक म्हणायली डोकं जड झालंय, मळमळतंय. आम्हाला वाटलं बाळंतपणाचा अशक्तपणा. गल्लीतल्या आशाताई बाळाचं वजन करायला आल्या, त्यांनी आत पाऊल टाकलं आणि बाळाला हात लावायच्या आधी दार-खिडकी उघडली आणि शेगडी उचलून बाहेर ठेवायला लावली. निखारा लाल दिसतो, धूर नसतो, म्हणून आपल्याला वाटतं आता काही नाही, पण बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, रक्तात प्राणवायूची जागा तो घेऊन बसतो आणि माणूस झोपेतच जातो. अर्ध्या तासात लेकीचं डोकं हलकं झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात शेक गरम पाण्याच्या पिशवीनं. परभणीकडं तर हिवाळ्यात पारा पाच-सहा अंशापर्यंत उतरतो, तिकडं घमेल्यात निखारे घेऊन दार लावून झोपणारी घरं आहेत, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की आणखी दोन गोधड्या घ्या पण निखारे बाहेर ठेवा. गॅस गिझरचं पण हेच आहे, बंद बाथरूममध्ये तो मी आता बसवून देत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणलं तरी. यंत्र बाहेरच्या भिंतीला आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ.

आता करायचं काय ते सांगतो, ते माझ्या हातातलं आहे. नवीन घर असेल तर स्लॅब ओतायच्या आधी सेंट्रिंगवरच, म्हणजे स्लॅबखाली ठोकलेल्या फळ्यांवरच, चूल किंवा ओटा येणार त्याच्या वर दीड बाय दीड फुटाचा फळ्यांचा बॉक्स ठेवायचा, भोवतीनं जादा सळई टाकायची, स्लॅब झाल्यावर त्या भोकाच्या कडेनं वर दोन फूट वीट चढवायची, चारी अंगाला जाळीच्या खिडक्या आणि वर फरशीची टोपी, बाजूनं फूटभर पुढं काढलेली. पाऊस आत येत नाही, उंदीर-मांजर येत नाही, धूर जातो. हेच साणं, फक्त सिमेंटचं. एवढ्यासाठी सिमेंटची दोन-तीन पोती जादा लागत असतील. घर झालेलं असेल तर स्लॅब फोडत बसू नका, गळती लागते, त्यापेक्षा स्लॅबच्या अगदी खाली, बीम सोडून, भिंतीला फूटभर भोक पाडा. माझ्या घरात मी तेच केलं, दोन तासाचं काम. भोक कुठल्या भिंतीला पाडायचं हे बघून पाडा. आमच्याकडं उन्हाळ्यात-पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडूनच येतो, म्हणून धुराची वाट पूर्वेला ठेवली तर वारा त्याला बाहेर ओढतो, पश्चिमेला ठेवली तर तोच धूर घरात फिरून देवघरापर्यंत जातो. हिवाळ्यात वारं फिरतं हे खरं, पण तेव्हासाठी भोकाला आतून झडप ठेवता येते. वास्तूवाले स्वयंपाकघर आग्नेयेला सांगतात, त्यामागचं शास्त्र काय ते त्यांना माहीत, पण वाऱ्याच्या हिशोबानं मला ते बरोबर वाटतं.

एक्झॉस्ट फॅन लावत असाल तर तो खिडकीच्या कोपऱ्यात नको, वरच्या काळ्या पट्ट्यात लावा, धूर तिथं असतो. आणि फॅन चालू करून दार-खिडक्या सगळ्या लावून घेतल्या तर फॅन नुसता आवाज करतो, कारण आत हवा येणार नाही तर बाहेर जाणार कोणती? समोरच्या बाजूची एक खिडकी चार बोटं उघडी पाहिजे. खात्री करायची सोपी पद्धत म्हणजे पेटलेली उदबत्ती घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभं राहा, धूर आत ओट्याकडं ओढला जात असेल तर काम बरोबर आहे, धूर बैठकीकडं यायला लागला तर तुमच्या फोडणीची हवा पाहुणे खायलेत. फॅनच्या जाळीला पेपरचा तुकडा लावून बघा, चिकटून राहिला पाहिजे, खाली पडला तर पाती तेलानं भरलीत, उतरवून सोड्याच्या गरम पाण्यात धुवा. स्वयंपाक झाला की लगेच बंद करू नका, पंधरा मिनिटं चालू द्या. आणि चिमणी घेणाऱ्यांनी दुकानात एकच विचारायचं, पाईप भिंतीतून बाहेर जातो का. आमच्या एका गिऱ्हाईकानं बिनपाइपाची महागाची चिमणी आणली, ती वरून हवा ओढते, जाळीतून गाळते आणि परत त्याच स्वयंपाकघरात सोडते, वास थोडा कमी होतो पण ज्योतीतून निघालेला वायू आणि वाफ आतच राहते. त्या बाईनं सहा महिन्यांनी मलाच विचारलं, मिस्त्री, भिंत अजून काळी का होते. मला फार वाईट वाटलं, पैसे तर गेलेच होते.

कुलरचं पण लिहितो कारण आमच्याकडं मार्च ते जून कुलरशिवाय लेकरं झोपत नाहीत. कुलर बाहेरची हवा ओढून आत ढकलतो, ती हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी लागते, आपण धुळीच्या आणि चोराच्या भीतीनं सगळं लावून घेतो आणि मग खोली दमट होते, गादी ओलसर लागते, भिंतीला बुरशी धरते आणि सकाळी लेकरू शिंकत उठतं. पाणी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण काढून टाकी पुसून कोरडी करायला पाहिजे, डासाच्या अळ्या त्यातच होतात. पाण्याची टंचाई असते हे मला माहीत आहे, लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा आम्ही काढलाय, म्हणून म्हणतो ते काढलेलं पाणी झाडाला घाला पण कुलरमध्ये सडवू नका. दोन वर्षं जुने गवताचे पॅड असतील, वास यायलाय, तर सरळ बदला.

आणि डासाची कॉइल. २००३ साली छापून आलेल्या एका संशोधनात निघालं होतं की एक कॉइल पूर्ण जळाली की ७५ ते १३७ सिगारेटींएवढे ते बारीक कण हवेत सोडते. ज्या घरात बाप सिगारेट ओढायला अंगणात जातो त्याच घरात रात्रभर लेकराच्या उशाशी कॉइल जळते, दार बंद करून. खिडकीला जाळी मारून घ्या आणि मच्छरदाणी लावा, मच्छरदाणी एकदा आणली की चार-पाच वर्षं जाते. जाळी मात्र महिन्याला ओल्या फडक्यानं पुसा, आमच्याकडच्या धुळीनं ती अशी बंद होते की वाराच येत नाही. झाडू मारताना पण आधी पाण्याचा हलका शिपका किंवा ओलं फडकं, कोरड्या झाडूनं धूळ खालून वर जाते आणि तासाभरानं परत खाली बसते, मधल्या तासात ती आपण खातो.

बाकी यंत्राचं विचारतात मला शहरातले लोक. हेपा फिल्टरवाला एअर प्युरिफायर धूळ आणि बारीक कण पकडतो, घरात दमेकरी असेल आणि परवडत असेल तर घ्या, फिल्टर वेळेवर बदला, पण तो कार्बन मोनॉक्साइड काढत नाही आणि धुराची वाटही होत नाही. नर्सरीवाले हवा शुद्ध करणारं रोप म्हणून कुंड्या विकतात, १९८९ साली नासानं लहान बंद पेटीत प्रयोग केला होता त्याच्या जिवावर हे चाललंय. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी सगळे जुने प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला तर साध्या उघड्या खिडकीएवढं काम करायला दर चौरस मीटरला कमीत कमी दहा रोपं लागतील असं निघालं. झाड हौसेनं लावा, खिडकीच्या बदल्यात लावू नका. नवीन रंग, नवीन प्लायवूडचं फर्निचर झालं की वास्तुशांतीची घाई न करता आठ-दहा दिवस सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून घर वाऱ्यावर टाका. आणि खिडकी घेतानाच विचार करा, सरकती काचेची खिडकी दिसायला छान पण ती अर्धीच उघडते, पूर्ण उघडणारी झडपाची खिडकी वारा दुप्पट देते, तरी आजकाल दहातले नऊ जण मला सरकतीच सांगतात.

साहेब, तुमच्यामार्फत एक मागणी करायची आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं माप कमीत कमी २५ चौरस मीटर आहे, म्हणजे साधारण २७० चौरस फूट, आणि त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरलेली आहे. पायाचा फोटो काढतात, लिंटलचा काढतात, छताचा काढतात, आणि त्या त्या टप्प्याला हप्ता सोडतात. मी घरकुलं बांधलीत म्हणून सांगतो, एवढ्या लहान घरात धुराला वाट नसेल तर स्वयंपाकघर आणि झोपायची खोली वेगळी राहतच नाही. छताच्या फोटोसोबत स्वयंपाकघराच्या वरच्या झरोक्याचा एक फोटो मागितला तर पैसा जादा लागणार नाही आणि एकही गवंडी ती वाट विसरणार नाही. माझ्यासारख्याला कुणी सांगितलं असतं तर मी पहिल्याच घरापासून ठेवली असती.

आमच्या घरातलं भोक मागच्या आषाढात पाडलं, चूल आता परसातल्या पत्र्याखाली आहे आणि पावसातच आत येते. भिंतीला नवीन चुना मारलाय. माय सकाळी पंप घेते आणि चुलीपासून चार हात लांब पाटावर बसून सुनेला सांगते की आच कमी कर. काळी रेघ अजून धरलेली नाही, मी दर अमावास्येला बोट फिरवून बघतो.

तुम्हाला पानावर जागा असेल तर सिमेंटच्या साण्याचा नकाशा मी हातानं काढून, मापं टाकून पाठवतो. तो छापला तर कात्रण गवंड्यांच्या खिशात राहील.

आपला वाचक,
एक गवंडी, ता. औसा, जि. लातूर